पॉवर वाढवायला गेलो आणि फुगे मोजून आलो

कालचीच गोष्ट, कान अजून गरम आहेत. सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेऊन दोन महिने झाले आणि मला रीमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवायचं, वेड लागलं. व्हिडिओत कसं, माणूस लॅपटॉप लावतो, बटण दाबतो, की झाला गाडीचा चित्ता. मी पण त्याच तयारीत गॅरेजला गेलो.

मेकॅनिकने लॅपटॉप उघडलाच नाही, बॉनेट उघडलं. डिपस्टिक ओढून फडक्यावर पुसली आणि ते फडकं काही न बोलता माझ्या नाकासमोर धरलं. ऑइल काळंकुट्ट, शिवाय लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली. "कधी बदललं होतं?" मी म्हटलं, मागच्या मालकाने बदललंय म्हणे.

"म्हणे!" मागून आवाज आला.

तिथे खुर्चीवर एक काका बसलेले. मागच्या लाइटचा बल्ब बदलायला आले होते, बल्बची छोटी खोकी हातातच होती. पाच मिनिटांचं काम, पण स्वतःचा नंबर सोडून हा माणूस तीन तास माझ्या गाडीभोवती फिरला. आधी मला विचारलं, टर्बो म्हणजे नक्की काय असतं हो? मी पण उत्साहाने सांगत बसलो, की सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याच्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाख फेरे? आणि ते सगळं ह्या डांबरावर फिरतंय?"

ह्यावर काय बोलणार? टर्बोचं बेअरिंग ह्याच ऑइलच्या जिवावर जगतं, जुनं ऑइल त्या उष्णतेने बारीक नळीत जळून चिकटतं, हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं हो सगळं. माहीत असणं वेगळं आणि परक्या माणसासमोर फडक्यावर दिसणं वेगळं.

मग स्कॅनर लागला, त्याने बिघाडाचे दोन कोड दाखवले. पी०२९९, म्हणजे टर्बो पुरेसं प्रेशर देत नाहीये. पी०३००, म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. एअर फिल्टर काढला तर आतून वाळकी पानं निघाली. ठिणगी पाडणाऱ्या प्लगची गॅप झिजून इतकी वाढलेली की फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पट्टी, आरपार जाऊन वर जागा उरली. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचं प्रेशर, जास्त असलं की सिलिंडरमधली हवा दाट, आणि दाट हवेत ठिणगीला तेवढी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून जोरात पाय दिला की गाडी खोकायची. आणि मी दोन महिने लोकांना सांगत होतो, टर्बो गाडीचं कॅरेक्टरच असं असतं. काका म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." हळू नाही, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं.

खरा तमाशा पुढे झाला. गळती शोधायला मेकॅनिकने इनटेकचं तोंड बंद करून पाइपांमध्ये थोडी हवा भरली आणि साबणाच्या पाण्याचा स्प्रे चक्क काकांच्या हातात दिला! माझी गाडी, आणि स्प्रे काकांकडे. मला उजेडाची बॅटरी धरायला लावली. काका प्रत्येक जोडावर फवारा मारत, चष्मा कपाळावर सरकवत, "इथे नाही... इथे नाही..." असं ऑपरेशन चालल्यासारखं बोलत होते आणि एकदम ओरडले, "फुगे! फुगे आले!" सायकलची ट्यूब बादलीत बुडवली की येतात ना, तसे. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपचा क्लॅम्प ढिला, आणि खाली व्हॅक्यूमची एक बारीक नळी चिरलेली. इंजिनासाठी दाबलेली हवा बाहेरच चालली होती, ती भरून काढायला टर्बो बिचारा जास्तच पळत होता, आणि मी त्याच्यावर अजून बूस्ट लादायला निघालो होतो. मेकॅनिकने काकांची पाठ थोपटली. मी बॅटरी धरून उभाच.

राग काकांचा नाहीये खरं तर. राग त्या "वेल मेंटेन्ड, सिंगल हँड" लिहिणाऱ्याचा आहे. गाडी धुऊन, टायर काळे करून विकली, आणि बॉनेटखाली कुत्रं विचारत नव्हतं. आणि ते व्हिडिओवाले, पॉवर किती वाढली ते ओरडून सांगतात, आधी ऑइल, प्लग, फिल्टर, कूलंट, पाइप बघा, कंप्रेशन मोजा, ब्रेक आणि क्लचला तेवढी ताकद झेपते का बघा, हे सांगायला कुणाला वेळ नाही.

रीमॅपचे पैसे ह्या दुरुस्तीतच संपले. संध्याकाळी परत येताना पाय दिला आणि गाडी अशी सुटली की मीच दचकलो. कंपनीने दिलेली पॉवर, दोन महिन्यांनी पहिल्यांदा मिळाली. आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात "म्हणे!" वाजत होतं.

घरी येऊन क्लॅम्प बघायला बॉनेट उघडलं तर गाडीच्या बॅटरीवर काकांच्या बल्बची खोकी. म्हणजे काका तसेच गेले, मागचा लाइट बंद ठेवून. आता ती परत द्यायला त्या गॅरेजात जायचं तर ते पुन्हा तिथे बसलेले असणार, ह्याची मला खात्री आहे. खोकी सध्या कपाटात आहे.