आधी साइट बंद कशी करायची ते ठरवा

परवा रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि तिघं पोरं आत शिरली. एक शहापूरचा, एक वडगावचा, एक खानापुराहून शेवटच्या बसने आलेला. चौथा निपाणीचा, तो फोनवर. "काका, आपल्या भागातले सगळे मॉड एका जागी ठेवायची साइट काढायलोय. तुम्ही नेट कॅफे चालवलाय, जरा सांगा की."

ज्यांच्या घरात पोरं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा मोबाइलवरचा खेळ २०१७ सालचा. केला त्यांनी त्यांच्या देशातल्या बससाठी, पण त्यात गाडीचा रंग बदलता येतो, अख्खी गाडीसुद्धा बाहेरून आणून बसवता येते. खेळात अशी बाहेरून घातलेली भर म्हणजे मॉड. मग आपली पोरं गप्प बसतात होय? लालपरी आली, वायव्य कर्नाटकची बस आली, काचेवर 'बेळगाव–खानापूर'ची पाटी आली. कॉम्प्युटरवाले युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतात, तो २०१२चा, चेक कंपनीचा. त्यात नकाशेही घालता येतात. निपाणीवाला दीड वर्ष तवंदी घाट करतोय. मूळ खेळात जगाचं माप एकास एकोणीस असतं, म्हणजे बेळगाव ते आंबोलीचा साधारण सत्तर किलोमीटरचा रस्ता पावणेचार किलोमीटरमध्ये बसवायचा. कुठलं वळण ठेवायचं आणि कुठलं गाळायचं यावर ही पोरं तासभर भांडतात. मला ऐकायला बरं वाटतं.

आता हे सगळं सापडतं कुठे? यूट्यूबच्या व्हिडिओखाली एक लिंक, ती दाबली की तीन जाहिराती, मग एक झिप फाइल, तिला पासवर्ड, आणि पासवर्ड व्हिडिओच्या सातव्या मिनिटाला तोंडी सांगितलेला. दोन वर्षांनी व्हिडिओ असतो, फाइल गेलेली असते. खानापूरच्या पोराचंच बघा. त्याने चंदगड गाडीची एक बस केली होती, मागच्या काचेवरच्या चिखलासकट. फोन विहिरीत पडला, लिंक मेली. आता स्वतःचाच मॉड तो टेलिग्रामवर लोकांकडे मागत फिरतोय. कोणी देईना, कारण त्याने करताना त्यावर आपलं नावच घातलं नव्हतं.

तेव्हा साइट हवी, यात वाद नाही. पण त्यांनी मला लोगो दाखवला, फोनवरून कशी दिसेल ते दाखवलं, लाइकचं बटण कुठे ते दाखवलं. मी विचारलं, बंद कशी करणार? तिघंही माझ्याकडे बघत राहिले. अपशकुनी म्हातारा म्हणाले असतील मनात.

मला का सुचलं ते सांगतो. कॅफेच्या दिवसांत काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या खेळाचे नकाशे आम्ही फाइलफ्रंट नावाच्या साइटवरून उतरवायचो. (काउंटर-स्ट्राइक हाही मुळात हाफ-लाइफ या खेळाचा मॉड, १९९९चा. पोरांना हे सांगितलं तर पटत नाही.) बीएसएनएलचं नेट रात्री दोन ते सकाळी आठ मोजलं जायचं नाही, म्हणून गजर लावून उठायचो, डाउनलोड लावायचो आणि परत झोपायचो. आणि २००९च्या मार्चमध्ये फाइलफ्रंटने जाहीर केलं की महिनाअखेर बंद. थोड्याच दिवसांची मुदत. जगभरच्या लोकांची धांदल उडाली. ऐनवेळी जुन्या मालकांनी ती परत घेतली म्हणून वाचली. पुढे गेमफ्रंट नावाने चालली आणि २०१६च्या एप्रिलअखेर पुन्हा बंद. नंतर पुन्हा उभी राहिली, पण दरवेळी नशीब जोरावर असतंच असं नाही. एवढ्या मोठ्या साइटची ही गत, आणि आपली तर शहापूरच्या खोलीतून चालणार.

आपली कशाने बंद पडेल तेही मला आत्ता दिसतंय. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एका पोराच्या नावावर घ्याल. तो पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला जाईल, सगळेच जातात. जुनं कार्ड बंद, मेल बघत नाही, एक दिवस डोमेन गेलं. म्हणून किल्ल्या दोघांकडे, आणि त्यातला एक गाव न सोडणारा. माझ्यासारखा, ज्याला कुणी नोकरीच देणार नाही.

दुसरं, पैसे. पोरांना वाटतं जागा महाग असते. जागा स्वस्त आहे, उतरवून घेणं महाग. एक जीबीचा नकाशा महिन्यात दोन हजार जणांनी घेतला तर दोन टीबी, म्हणजे दोन हजार जीबी, वाहून गेले, आणि बऱ्याच ठिकाणी या वाहण्याचंच बिल येतं. एखाद्या व्हिडिओत तुमचं नाव निघालं की त्याच महिन्यात कंबरडं मोडतं. म्हणून माझं म्हणणं, पहिल्या वर्षी फाइल वाटूच नका, वही ठेवा. नाव, कुणी केला, खेळाच्या कुठल्या आवृत्तीवर चालतो (युरो ट्रकचं नवं अपडेट आलं की जुने नकाशे आडवे होतात), वाटायची परवानगी आहे का, आणि फाइलचा एसएचए-२५६ ठसा. हा ठसा म्हणजे फाइलच्या अंगठ्याची खूण. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो, त्यामुळे उद्या कुठल्याही कोपऱ्यात फाइल सापडली तर तीच आहे का ते कळतं. फाइल ज्याची त्याने हवी तिथे ठेवावी, आपण फक्त दोन हार्ड डिस्कवर प्रत जपायची. एक बेळगावात, एक निपाणीत. आणि ती वही कुणालाही एका बटणात उतरवून घेता आली पाहिजे. उद्या आपण मेलो तर दुसरा कुणी त्यावरून पुन्हा मांडेल.

वडगाववाला म्हणाला, "काका, हे लायब्ररीच्या रजिस्टरगत हुतंय, साइट कुठं हाय?" हो, तसंच.

मग गावाचं नाव. फोल्डरला बेळगाव लिहायचं की बेळगावी? इथे आवाज चढले. मी म्हटलं, बाबांनो, तो सीमावादाचा खटला २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आपल्या सर्व्हरवर नको. करणाऱ्याने जे नाव दिलं ते तसंच राहील, आणि शोधताना बेळगाव, बेळगावी, बेलगाम, कन्नडमधलं, इंग्रजीतली दोन्ही स्पेलिंगं, काहीही टाकलं तरी तेच सापडेल. ही सोय तर सगळ्यात आधी करा. यातल्या निम्म्या बस कन्नड पोरांनी केल्यात आणि आपलीच पोरं त्या चालवतात. सीमेवर वातावरण तापलं की खऱ्या गाड्या कोगनोळीला थांबतात, या तरी चालू द्यात.

परवानगीबद्दल मी कडक आहे. दुसऱ्या खेळातून उचललेलं मॉडेल रंग बदलून स्वतःचं म्हणून टाकणारे आपल्यातही आहेत, नावं घेत नाही. विचारल्याशिवाय कुणाचं काही चढवायचं नाही, 'जपण्यासाठी' सुद्धा नाही. आणि करणाऱ्याने काढा म्हटलं तर? इथे मी स्वतः दोन दिवस अडकलो. नेक्ससमॉड्स या मॉडच्या मोठ्या साइटने २०२१मध्ये ठरवलं की फाइल कायमची पुसता येणार नाही, ती मागे साठवलेली राहील. ज्यांना नको त्यांना महिनाभराची मुदत दिली. बऱ्याच जणांनी रागाने काम काढून घेतलं. साइटची अडचण खरी होती, दहा मॉड एकमेकांवर उभे असतात आणि खालचा काढला की वरचे कोसळतात. तरी मला मॉड करणाऱ्यांची बाजू पटते. फाइल काढा, वहीतली ओळ ठेवा: अमुकने तमुक बस केली होती, त्याच्या इच्छेने काढली.

व्हायरसचं थोडक्यात. जून २०२३मध्ये माइनक्राफ्ट या खेळाच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा प्रकार पसरला, तोही कर्सफोर्जसारख्या मोठ्या साइटवरून, मॉड करणाऱ्यांची खाती फोडून. तेव्हा खात्याला दुहेरी कुलूप (पासवर्डवर आणखी एक कोड), आणि एपीके किंवा ईएक्सई, म्हणजे फोनवर-कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवणारी फाइल, दारातूनच परत.

पोरं गेली तेव्हा साडेअकरा झाले होते. डोमेन अजून घेतलेलं नाही. वहीत एकच ओळ आहे, तीही अर्धी, ठशाचा रकाना मोकळा. तर ज्यांच्या जुन्या फोनमध्ये, मेमरी कार्डात, धाकट्या भावाच्या टॅबमध्ये 'चंदगड' पाटीची लाल बस असेल, मागच्या काचेला चिखल असलेली, त्यांनी ती झिप न उघडता मला इनबॉक्समध्ये कळवा. पासवर्ड खानापूरच्या पोराला पाठ आहे.