मोल्ड वेळेआधी भंगारात कसा घालवावा

इंजेक्शन मोल्ड म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरून पीस काढायचा स्टीलचा साचा; एकदा भरून पीस काढला की एक शॉट. चांगल्या स्टीलचा, नीट सांभाळलेला मोल्ड दहा लाख शॉट मारूनही कामाचा राहतो. ही काही कौतुकाची गोष्ट नाही. एकच मोल्ड इतका टिकला तर मोल्ड बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या टूल रूमने काय माशा मारायच्या? तेव्हा त्याचं आयुष्य आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

सुरुवात स्टीलपासून करा. ग्राहक कोणतं प्लॅस्टिक भरणार, हे चुकूनही विचारू नका. तो म्हणेल, नायलॉन, त्यात तीस टक्के ग्लास. लगेच कुणी शहाणा सांगणार, की ही काच गेटजवळचं, म्हणजे प्लॅस्टिक आत शिरतं त्या तोंडाजवळचं स्टील घासून खाते, तिथे ५० एचआरसीच्या (हे कडकपणाचं माप) आसपास कडक केलेलं एच-१३ स्टील घाला. पीव्हीसी निघालं तर आणखी कटकट: ते जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, म्हणजे ४२० जातीचं स्टेनलेस आलं. त्यापेक्षा सरसकट पी-२० लावा. २८ ते ३२ एचआरसीला कडक होऊनच येतं, हीट ट्रीटमेंटची भानगड नाही, कटरही झपाझप चालतो. (खरं सांगायचं तर पी-२० बिचारं वाईट नाही; पीपी, एबीएससारख्या साध्या प्लॅस्टिकला ते वर्षानुवर्षं इमानाने साथ देतं. पण इमानदाराच्या गळ्यातच सगळी कामं मारायची असतात.) टेस्ट सर्टिफिकेट मागून पुरवठादाराचा अपमान करू नये. ठोकळ्यावर रंगाने ग्रेड लिहिलेला असतो, तेवढं पुरे. मोल्डच्या एकूण खर्चात स्टीलचा वाटा थोडाच, बाकी बहुतेक मशिनिंग. म्हणून काटकसर नेमकी स्टीलमध्येच करावी.

मोल्ड मशीनवर चढला की खरी कला सुरू होते. पीस कोअरवर, म्हणजे मोल्डच्या आतल्या उंचवट्यावर अडकला? मऊ ब्रासची पट्टी टूल रूमच्या कपाटात आहे आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. स्क्रू ड्रायव्हर मात्र हाताशी आहे. त्याचं टोक पार्टिंग लाइनवर, म्हणजे मोल्डचे दोन भाग मिळतात त्या कडेवर टेकवा आणि उचका. खाच इतकी बारीक पडते की नजरेला दिसत नाही, नखाला लागते. पुढच्या शिफ्टला बरोबर तिथूनच फ्लॅश येतो, म्हणजे फटीतून निसटलेल्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. आता मोल्ड उतरवून बघत बसणं म्हणजे प्रोडक्शनशी गद्दारी, टनेज (मोल्ड दाबून बंद ठेवणारा जोर) वाढवा. फ्लॅश जातोही, काही दिवस. तोवर जास्तीच्या दाबाने कडा चेपत जातात आणि व्हेंट मिटू लागतात. व्हेंट म्हणजे हवा बाहेर जायच्या, ०.०२ मिलिमीटरच्या आसपास खोल खाचा, त्यांची पर्वा कोण करतो? हवा कोंडते, दाबाखाली भडकून तापते आणि पीसच्या टोकाला काळा डाग जाळून ठेवते. डाग दिसताच मटेरियलवाल्याला फोन करून झापा. मग इंजेक्शनची गती कमी करा. शॉट अपुरा भरला तर बॅरलचं टेंपरेचर वाढवा. रात्रपाळीने काय वाढवलं ते दिवसपाळीला सांगू नये. उगाच चर्चा होते.

इतकं होऊनही फ्लॅश हटत नसेल तर खाच भरायला टिग वेल्डिंग आहेच. स्टील कंपनीच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, की पी-२० आधी दोन-तीनशे अंशांना तापवा, वेल्ड झाल्यावर सावकाश थंड होऊ द्या, आतला ताण (स्ट्रेस) काढा. तक्ते लिहिणाऱ्यांना डिस्पॅचची घाई नसते. थंड ठोकळ्यावर थेट टाका मारा, रॉड हाताला लागेल तो. वेल्डच्या कडेचं स्टील झटकन थंड होऊन काचेसारखं ठिसूळ होतं आणि थोड्याच दिवसांत तिथे तडा जातो. त्याआधी पॉलिश केलंत तर वेल्डभोवती एक कडं उमटतं, आणि ते पुढच्या प्रत्येक पीसवर इमानाने छापलं जातं. रिबच्या (पीसच्या पातळ आधारपट्टीच्या) खोबणीत एमरी पेपर मारताना तो पीस निघायच्या दिशेला आडवा मारा. त्या आडव्या ओरखड्यांत प्लॅस्टिक छान धरून बसतं.

कूलिंगच्या पाण्याबद्दल फार बोलायला नको. वाहिन्यांत क्षाराचा थर चढतो, सायकल (एका शॉटला लागणारा वेळ) लांबत जाते, दोष मशीनला द्यावा.

मोल्ड उतरवताना वाहिन्यांतलं पाणी हवेने काढू नका, अँटी-रस्टचा स्प्रेही मारू नका. मात्र आरशासारख्या पॉलिशवरून एकदा घामेजल्या बोटाने प्रेमाने हात फिरवा. काही दिवसांनी तुमच्या बोटाचा ठसा तिथे तांबूस रेषांत सापडेल. शेवटचा शॉट मोल्डसोबत बांधून ठेवायची पद्धत आहे, कारण पुढच्या वेळी काय बिघडलंय ते त्यावरूनच कळतं. म्हणून तो पीस आधी ग्राइंडरमध्ये टाका.

राहता राहिलं हिस्ट्री कार्ड, म्हणजे मोल्डच्या शॉटची आणि दुरुस्त्यांची नोंद. ते ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एका बैठकीत भरावं, मध्ये दोन-तीनदा पेन बदलावं. शॉट काउंटर कधीचाच बंद असतो, तेव्हा आकडा मनाने टाका. फक्त शेवटी तीन शून्यं येऊ देऊ नका, ऑडिटर तिथेच बोट ठेवतो.