खडखड कुठून येतेय सांगा बरं

तुमच्या गाडीत कसलाच आवाज येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या शेजारच्या सीटवर अजून योग्य माणूस बसलेला नाही, एवढंच. माझी गाडीही दोन वर्षं गुपचूप होती. मग एकदा मित्राला सिंहगड रोडवरून स्वारगेटला सोडत होतो तर तो म्हणाला, "काय रे, ही टकटक कसली?" झालं. तो उतरून गेला, टकटक गाडीतच राहिली.

तर ज्यांना रात्री शांत झोप लागते अशा सगळ्यांसाठी अनुभवाचे दोन शब्द.

पहिलं म्हणजे सोपं कारण अजिबात शोधायचं नाही. दाराच्या कप्प्यातली चिल्लर, गॉगलच्या खणातला चष्मा, डिकीतला जॅक नि पाना, मागे कुणी नसताना प्लास्टिकवर आपटणारं सीटबेल्टचं बक्कल, या सगळ्या फालतू शक्यता आहेत. गाडी पूर्ण रिकामी करून एक चक्कर मारली तर बरेचसे आवाज तिथंच संपायची भीती असते, आणि मग रविवारी करणार काय? टायरमधली हवाही बघू नका, पंपावाल्याने ठासून भरली असेल तर गाडी दगडासारखी आदळते आणि आतलं सगळं वाजतं, वाजू दे. आपण थेट डॅशबोर्ड उघडायचा. तोही स्क्रूड्रायव्हरने. पॅनल काढायला प्लास्टिकची पट्टी मिळते म्हणे, पण ती वापरली तर क्लिपा तुटत नाहीत आणि मग मजा काय. मी काढलेल्या पॅनलला नऊ क्लिपा होत्या, पाच तुटल्या, उरलेल्या चारवर पॅनल बसलं की छान, फक्त आता तेही वाजतं. आधी एकटीच टकटक होती, आता जुगलबंदी.

दुसरं, कानावर पूर्ण विश्वास ठेवा. आवाज पत्र्यातून प्लास्टिकमधून फिरत फिरत येतो, त्यामुळे वाजतंय ग्लोव्हबॉक्समध्ये असं वाटतं आणि निघतो तो खाली सायलेन्सरजवळचा हीट शील्डचा सुटलेला पत्रा, जो ठरावीक आरपीएमला झिणझिणतो आणि जरा रेस दिली की साळसूदपणे गप्प. तरी तुम्ही ग्लोव्हबॉक्सच उघडा. काचेशेजारच्या खांबाच्या पॅनलमागे फोम कोंबा, भरपूर कोंबा, तिथे पडद्यासारखी एअरबॅग असली तर असू दे, ती काय रोज उघडते का! दाराचं रबर किरकिरत असेल तर त्याला सिलिकॉन स्प्रे लागतो, पण घरात मशीनचं तेल पडलेलं असताना खर्च कशाला, तेलाने रबर फुगेल तेव्हा बघू.

यात कुटुंबाला सामील करून घ्या. बायकोला मागे बसवून एकेका पॅनलवर तळहात दाबायला सांगायचं, दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. ही पद्धत खरंच चालते, म्हणून शक्यतो टाळा. आमच्याकडे तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "तू गप्प बसलास की बराच आवाज कमी होतो."

टेस्टिंगला लांब जायची गरज नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच हवा, ताशी 25 किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा. असा एखादा कुठे दिसला तर त्याच्यासोबत फोटो काढून घ्या. टेस्टिंगला मात्र आपल्या सोसायटीबाहेरचा डांबराचा ढिगारा बरा, त्यावरून गेलं की जे वाजत नव्हतं तेही वाजायला लागतं.

मग सर्व्हिस सेंटर. गेटच्या आत शिरताच खडखड बंद होणार, हे गृहीत धरा. तिथला मुलगा शेजारी बसून एक फेरी मारेल, "कुठेय सर आवाज?" विचारेल आणि तुम्ही खोटारड्यासारखे खड्डे शोधत फिराल. चुकून वाजलाच तर उत्तर तयार असतं, "हा ना? या मॉडेलमध्ये येतोच."

गॅरेजवाल्या मेस्त्रीकडे तर जाऊच नका. आमचे मेस्त्री पाच मिनिटं गाडी चालवून म्हणाले, "लिंक रॉड गेलाय, बदलून टाकू." म्हणजे खाली चाकाजवळचा सस्पेन्शनचा दांडा. मी म्हटलं, अहो पण मी व्हिडिओ बघितलेत, डॅशबोर्ड आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडीखाली शिरले. टकटक गेली. पण ही अतिशय वाईट बातमी आहे, कारण मोठा आवाज गेला की त्याच्याआड लपलेले बारके आवाज पुढे येतात, आणि त्यातले तीन तर मीच रविवारी तयार केलेले होते.

शेवटचा उपाय म्हणजे गाडीच बदलणे. माझ्या साडूंनी नवीकोरी इलेक्ट्रिक घेतली, परवा चक्कर मारायला बोलावलं. "बघा, इंजिनचा आवाजच नाही!" म्हणत होते, खुश होते बिचारे. इंजिन नसलं की प्लास्टिकची कुजबुजही स्वच्छ ऐकू येते हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी नुसती मान जरा मागे वळवली.

"काय झालं?"

"काही नाही हो, चालवा तुम्ही. मागच्या डाव्या दारात काही ठेवलंय का?"

कात्रज येईपर्यंत त्यांनी आधी गाणी बंद केली, मग एसी बंद केला आणि मग चारी काचा वर घेतल्या.