चित्रातली गुरे रिकामी जागा भरण्यासाठी नव्हती

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच निसर्गचित्रांविषयी एक विधान सर्रास फिरते: त्यांतली गुरे-मेंढरे केवळ जागा भरण्यासाठी आहेत, चित्रकारांनी ती कधी निरखली नव्हती आणि ही चित्रे शहरी गिऱ्हाइकांना खूश करण्यापुरतीच होती.

पहिल्या आरोपाला चित्रकार रोझा बॉन्यर यांचे 1849 चे 'निव्हेर्ने प्रांतातील नांगरट' हे चित्रच उत्तर देते. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील या सुमारे अडीच मीटर रुंद चित्रात सहा-सहा बैलांची दोन औते चढावरून चालली आहेत, माणसे त्यांच्याआड जवळजवळ झाकली गेली आहेत आणि पुढच्या भागात नुकत्याच उलटलेल्या ढेकळांचा पट्टा आहे. हिवाळ्यात जमीन मोकळी राहावी म्हणून शरदाच्या सुरुवातीला केली जाणारी ही पहिली नांगरट आहे. आपल्याकडे जू मानेवर येते, इथे ते शिंगांशी बांधलेले आहे. जोर डोक्याने लावणारे हे बैल माना खाली घालून का चालतात, हे त्यावरून कळते. यातून बैल वगळले तर चित्रच उरत नाही. गुरांची चित्रे काढणारे कॉन्स्तां त्र्वायों यांनी तर काही चित्रांतली आकाशे युजेन बूदँ या दुसऱ्या चित्रकाराकडून रंगवून घेतली. दुसऱ्या हाती सोपवण्याजोगे त्यांना आभाळ वाटले, गुरे नव्हेत, हे मला फार बोलके वाटते.

निरखले नाही, हा आरोप तर अन्यायाचाच आहे. बॉन्यर यांनी जनावरांची शरीररचना समजून घेण्यासाठी कत्तलखान्यांत जाऊन अभ्यास केला. मेंढ्या आणि कोंबड्या रंगवणाऱ्या शार्ल जाक यांनी कोंबड्या स्वतः पाळल्या आणि कुक्कुटपालनावर पुस्तकही लिहिले.

गिऱ्हाइकांचा मुद्दा मात्र अंशतः मान्य करावा लागतो. गुरांच्या चित्रांना मोठी मागणी होती आणि तिच्यापायी पुष्कळ साचेबद्ध चित्रे निघाली. पण सगळीच चित्रे शहराला रुचली नाहीत. शेतात जन्मलेले वासरू दोन माणसे डोलीसारख्या चौकटीवरून घरी नेत आहेत, असे चित्रकार ज्याँ-फ्रांस्वा मिले यांचे चित्र 1864 च्या 'सालों' या पॅरिसमधील अधिकृत कलाप्रदर्शनात लागले, तेव्हा हे लोक जणू एखादी पवित्र वस्तू वाहत आहेत, अशी टीकाकारांनी टर उडवली. मिले यांचे उत्तर साधे होते: ओझे वाहणाऱ्याचा चेहरा आणि चाल ओझ्याच्या वजनावर ठरते, मग वर वासरू असो की देवाची वस्तू.