९० अधिक ३६ भागिले २

ताशी ९० प्लेटा अधिक ताशी ३६ ब्रॅकेट, भागिले २, बरोबर ६३. गुणिले ७ तास, ४४१. झालं साहेबांच्या शीटमधलं आमच्या मशीनचं टार्गेट! आणि आज सकाळच्या मीटिंगमध्ये दहा जणांसमोर मला विचारणा, "काल २७६च नग? बाकीचे १६५ गेले कुठे?" खिशात घालून घरी नेले साहेब, अजून काय.

अहो, मशीन एक, जॉब दोन. एक प्लेट, एक ब्रॅकेट, पुन्हा प्लेट, पुन्हा ब्रॅकेट, कारण असेंब्लीला जोडीच लागते. प्लेटला ४० सेकंद, ब्रॅकेटला १००. जोडीला १४०. ७ तासांचे २५,२०० सेकंद, म्हणजे १८० जोड्या, ३६० नग. विषय संपला! ताशी ९० आणि ताशी ३६ची सरासरी कधी चालेल? साडेतीन तास नुसत्या प्लेटा आणि साडेतीन तास नुसते ब्रॅकेट काढले तर. मग ३१५ प्लेटा होतील आणि १२६ ब्रॅकेट. वरच्या १८९ प्लेटांचं काय, लोणचं घालू? नग निम्मे-निम्मे म्हणजे वेळ निम्मा-निम्मा नव्हे हो! १४० पैकी १०० सेकंद एकटा ब्रॅकेट खातो, आणि यांच्या शीटमध्ये दोघांचा वाटा सारखा.

ती शीट तर बघूच नका. ४४१ हिरव्यात, माझे २७६ लालभडक, आणि पासवर्ड साहेबांकडे. याच साहेबांनी मागे सेटिंगला, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करायला, १ मिनिट धरलं होतं. का, तर भिंतीवरच्या पोस्टरवर 'सिंगल मिनिट' लिहिलंय. अहो, ती पद्धत काढणाऱ्या त्या जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंना एकआकडी मिनिटं म्हणायचं होतं, दहाच्या आत! जॉब धरणारं फिक्स्चर बदला, मापाचे ऑफसेट घ्या, पहिला नग पास करून आणा, त्यात क्वालिटीवाला कधी जागेवर सापडलाय?

तर मीटिंगमधून आलो आणि तावातावाने सगळा हिशेब फळ्यावर मांडला. ३६० खाली दोन रेघा मारल्या, दुसऱ्या रेघेला मार्करचं टोकच आत गेलं. मागून ऑपरेटर हळूच म्हणाला, "साहेब, जॉब काय आपोआप चढतो का?"

मी गप्प.

दार उघडा, हवा मारा, झालेला काढा, नवा बसवा. नगामागे २० सेकंद, जोडीला ४०. म्हणजे १४० नाही, १८०. म्हणजे १४० जोड्या. २८० नग. त्यातले पोराने २७६ काढले होते, आणि मी त्याच्यासमोर ३६० ला दोन रेघा मारून उभा. साहेब सरासरीत ८१ नगांनी चुकले, मी चढ-उतारात ८० नगांनी. एका नगाने हुशार!

फळा पुसून टाकलाय. साहेबांना यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आधी त्यांनी ते ४४१ बदलावं.