मुलांसाठीचा संरक्षण आदेश ‘नुसता कागद’ नाही

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घरात मुलाला मारहाण होत असेल तरी कोर्टात जाऊ नका. कायदा फक्त बायकांसाठी आहे, आदेशाला वर्षं लागतात, मूल सरकारी गृहात जातं आणि हातात येतो तो नुसता कागद. हे वाचून एखादी आई गप्प बसली, तर मार तिचं लेकरू खातं. म्हणून एकेक दावा तपासू.

‘कायदा फक्त बायकांसाठी.’ २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज बाईचा किंवा तिच्या वतीने असतो, एवढंच खरं. त्यात ‘मूल’ म्हणजे अठरा वर्षांखालचं कोणीही, मुलगा असो की मुलगी, सावत्र आणि दत्तकसुद्धा. आईच्या अर्जात मुलग्यासाठीही संरक्षण मागता येतं. मारणारी सावत्र आई किंवा आजी असली तरी अडत नाही. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा तो ‘प्रौढ पुरुष’च हवा, ही अट २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. मुलग्याला आईच मारत असेल किंवा आई हयात नसेल, तर दार वेगळं: बालकल्याण समिती, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचा निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती. त्यासाठी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर शेजाऱ्यांनीही फोन केला तरी चालतो.

‘वर्षं लागतात.’ कायद्यानुसार पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो साठ दिवसांत. साठ दिवस अनेकदा उलटून जातात, हे मान्य. पण मुलाला संरक्षण आज रात्री हवं असतं, आणि त्यासाठी कलम २३ चा अंतरिम, गरज पडल्यास एकतर्फी (समोरच्याचं न ऐकता दिलेला) आदेश आहे. नमुना २ मधल्या अर्जाबरोबर त्याच दिवशी नमुना ३ चं शपथपत्र द्या. ते राहून गेलं की नोटीस बजावण्यातच दिवस जातात. शपथपत्रात ‘नेहमी मारतो’ असं मोघम नको. तारीख, वेळ, कशाने मारलं, कुठे लागलं ते लिहा आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची चिठ्ठी असेल तर जोडा. आई माहेरी काटोलला गेली असेल, तर अर्ज काटोललाच करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायका-मुलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं.

‘मूल सरकारी गृहात जातं.’ २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय आहे. मूल चोवीस तासांत समितीपुढे आणावं लागतं, आणि समिती त्याला आजी-आजोबा किंवा मामाकडेही सोपवू शकते. लैंगिक अत्याचाराचा आरोपी त्याच घरात राहत असेल, तर मूल कुठे राहील हे समितीला तीन दिवसांत ठरवावं लागतं. घोळ होतो तो नातेवाईक वेळेवर पोहोचले नाहीत की. आधार कार्ड आणि राहत्या घराचा पुरावा घेऊन त्याच दिवशी हजर व्हा, मुलाला सांभाळायची तयारी लेखी द्या.

आता ‘नुसता कागद’. मेसेजमधली ही एकच गोष्ट अर्धी खरी ठरू शकते, कारण आदेश मागतानाच ढिला मागितला जातो. ‘त्रास देऊ नये’ एवढ्यावर पोलीस काय करणार? विनंती अशी लिहा (सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो): ‘सामनेवाल्याने मुलीच्या शाळेत, शिकवणीत आणि तिचा ऑटो थांबतो त्या चौकात जाऊ नये, तिला फोन, मेसेज किंवा नातेवाइकांमार्फत निरोप पाठवू नये.’ शाळेचं नाव, पत्ता, सुटायची वेळ त्यातच घाला. शिवाय ‘कलम १८ खाली’ हे शब्द हवेतच, कारण २००५ च्या कायद्यात संरक्षण आदेश त्याच कलमाखाली निघतो. कलम ३१ ची शिक्षा, म्हणजे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही संरक्षण आदेश मोडल्याची आहे. नुसता पोटगीचा किंवा ताब्याचा आदेश घेऊन ठाण्यात गेलात, तर तिथेच वाद सुरू होतो. भेटीने मुलाला इजा होणार असेल, तर कलम २१ खाली भेट नाकारायचीही मागणी करा.

आदेशाची प्रत मोफत मिळते आणि हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही जाते. ती पोहोचली का ते स्वतः पाहा. एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक ऑटोवाल्याकडे. आदेश मोडला तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तारीख-वेळ टिपून, मेसेजचे फोटो आणि आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात जा. तिथे टाळाटाळ झाली तर संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) सहीनिशी लेखी तक्रार द्या. ती दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणं त्याच्यावर बंधनकारक आहे.