‘गूगल मराठी संकेतस्थळांना वर येऊ देत नाही’ या संदेशाला मुद्देसूद उत्तर

वर्धा, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आणि महिला बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा आहे: गूगल मराठी संकेतस्थळांना वर येऊ देत नाही, म्हणून सगळा मजकूर इंग्रजीत करावा, प्रत्येक पानामागे दोन-तीनशे कीवर्ड (लोक शोधताना टाकतील असे शब्द) भरावेत, बाहेरून हजारो लिंक विकत घ्याव्यात, गूगलला जाहिरातीचे पैसे दिले की साध्या शोधातले स्थानही सुधारते, एवढे करूनही संकेतस्थळ दिसत नसेल तर त्याला गूगलचा दंड बसला आहे असे समजून नवे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नवा पत्ता, घ्यावे, आणि हे सर्व काम पंधरा दिवसांत, पहिल्या क्रमांकाच्या हमीसह करून मिळेल. मी हिंगणघाट-समुद्रपूर भागातील लहान उत्पादकांच्या संकेतस्थळांची देखभाल करतो. हा संदेश मला चार जणांनी पाठवला आणि त्यांपैकी दोघांच्या गटांनी पैसे आधीच भरलेले होते. ते पैसे हळद दळून आणि पापड लाटून जमवलेले असतात, म्हणून एकेका दाव्याचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत जास्त नुकसान करणारा दावा भाषेचा आहे. गूगल पानाची भाषा ठरवते ती पानावर दिसणाऱ्या मजकुरावरून. पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून काय नोंदवले आहे, याचासुद्धा ते त्यासाठी आधार घेत नाही, असे त्याच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठी पान दाखवण्यात त्याची कोणतीही आडकाठी नाही. आडकाठी येते ती बहुतेक वेळा आपल्याच बाजूने, कारण जो मजकूर आपल्याला मराठी दिसतो तो यंत्रासाठी मराठी नसतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी डीटीपीचे काम वर्षानुवर्षे कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होत आले आहे. या फॉन्टची रचना अशी असते की संगणकात साठवली जातात इंग्रजी अक्षरे आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘हळद’ असे टंकलिखित केले तर त्याखाली प्रत्यक्षात लहान जी, मोठा जी आणि लहान एन ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. दरपत्रकाची अशी पीडीएफ संकेतस्थळावर चढवली की माणसाला हळद दिसते आणि शोधयंत्राच्या हाती अर्थ नसलेली तीन अक्षरे पडतात. मग ‘हळद’ शोधणाऱ्याला ते पान सापडणार तरी कसे?

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. संकेतस्थळावरचे किंवा पीडीएफमधले एक वाक्य निवडून कॉपी करावे आणि व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवून पाहावे. तिथे मराठीच उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, आहे. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला तर तो जुन्या फॉन्टमधला आहे आणि युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरे डोळ्यांखालून घालून, तो पुन्हा चढवावा लागेल. आणि वाक्य निवडताच येत नसेल, तर तिथे मजकूर नसून चित्र आहे. माझ्या पाहण्यातील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ या तिसऱ्या प्रकारात निघाले आहे, कारण बचत गटाचे सुंदर रंगीत पत्रक जसेच्या तसे चित्र म्हणून पहिल्या पानावर लावलेले असते आणि उत्पादनाचे नाव, वजन, किंमत, गावाचे नाव हे सारे त्या चित्रातच अडकून पडते. चित्र अवश्य ठेवावे, पण त्यातील माहिती खाली साध्या अक्षरांतही लिहावी.

युनिकोडमध्येही मराठीची एक खास खोच आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द दोन पद्धतींनी टंकलिखित होतो: एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरला जातो आणि दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्रासाठी मात्र त्या दोन निरनिराळ्या अक्षरमाला असतात. ‘ॲप’मधील ‘ॲ’चेही तसेच आहे, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्यामुळे जुने कळफलक तो ‘अ’वर चंद्र देऊन दोन तुकड्यांत लिहीत. संपूर्ण संकेतस्थळावर एकच पद्धत ठेवावी, नाहीतर निदान आपल्या स्वतःच्या शोधपेटीत तरी आपलाच शब्द न सापडण्याची वेळ येते.

सगळा मजकूर इंग्रजीत करण्याचा सल्ला तर लहान उत्पादकाच्या सरळ तोट्याचा आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. त्या हळदीचे पान केवळ इंग्रजीत केले तर त्याची स्पर्धा जगभरच्या मसाला कंपन्यांच्या, आरोग्यविषयक संकेतस्थळांच्या आणि मोठ्या ऑनलाइन दुकानांच्या हजारो पानांशी लागते. ‘वायगाव हळद कुठे मिळेल’ असे मराठीत विचारणाऱ्या माणसाला उत्तर देणारी पाने त्या मानाने फार थोडी आहेत. मराठीत साहित्य कमी आहे हे खरे आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने त्याचाच उलटा अर्थ लावला आहे. बाहेरच्या राज्यांतील ग्राहकांसाठी इंग्रजी किंवा हिंदी पाने हवी असतील तर ती वेगळ्या पत्त्यांवर, माणसाने तपासून लिहिलेली असावीत. भाषांतराचे बटण बसवल्याने गूगलसाठी नवे पान तयार होत नाही, आणि न तपासलेली यंत्रभाषांतरे घाऊक चढवणे हा प्रकार त्याच्या धोरणानुसार स्पॅम, म्हणजे क्रमवारीसाठी केलेली फसवी क्लृप्ती, ठरू शकतो.

कीवर्डच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पानामागे लपवलेली कीवर्डची यादी आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले. तेच शब्द पानावर पुन्हा पुन्हा कोंबले तर वाचणाऱ्याला त्रास होतो आणि तो स्पॅमही ठरतो. त्याऐवजी पानाचे शीर्षक नीट लिहावे. आमच्या भागातील कितीतरी संकेतस्थळांच्या प्रत्येक पानाचे शीर्षक ‘होम’ किंवा नुसते गटाचे नाव एवढेच असते. तेथे ‘वायगाव हळद पावडर, अर्धा किलो, समुद्रपूर, जिल्हा वर्धा’ असे लिहिले, तर पान कशाचे आहे हे शोधयंत्रालाही कळते आणि यादीत ते शीर्षक वाचणाऱ्या माणसालाही.

विकतच्या लिंकबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण या दाव्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. दुसऱ्या संकेतस्थळांनी आपल्याकडे दिलेले दुवे शोधयंत्र विचारात घेते, हे खरे. पण तो दुवा म्हणजे कोणीतरी आपल्याविषयी स्वतःहून दिलेली ग्वाही असते, आणि विकत घेतलेल्या ग्वाहीला किंमत उरत नाही. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला तो मुख्यतः अशा बनावट दुव्यांसाठी, आणि २०१६ पासून तो त्याच्या मुख्य प्रणालीचाच भाग आहे. आज अशा हजारो लिंकचे बहुधा एवढेच होते की त्या मोजल्याच जात नाहीत. क्वचित प्रसंगी गूगलचा माणूस तपासून कारवाईही करतो. संत्र्याच्या किंवा हळदीच्या उत्पादकाला कृषी विज्ञान केंद्राच्या यशोगाथेत, जिल्ह्याच्या प्रदर्शनाच्या पानावर किंवा स्थानिक वृत्तपत्राच्या बातमीत मिळालेला एक दुवा त्या हजारांपेक्षा मोलाचा आहे, आणि तो मागण्यासाठी फक्त एक फोन करावा लागतो. बातमी छापून येते तेव्हा संकेतस्थळाचा पत्ता घालण्याची विनंती आपण करत नाही, ही मला नेहमी खंत वाटणारी गोष्ट आहे.

जाहिरातीचे पैसे दिल्याने साध्या शोधातले स्थान सुधारत नाही. पैसे घेऊन पाने अधिक वेळा तपासणे किंवा वर नेणे आपण करत नाही, असे गूगल वारंवार सांगत आले आहे. जाहिरात ही जाहिरात म्हणून उपयोगी असेल तर द्यावी. ज्यांचे दुकान किंवा विक्री केंद्र आहे त्यांनी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, मात्र जरूर भरावे, कारण ते मोफत आहे आणि नकाशावरचा क्रम विचारलेल्या गोष्टीशी असलेला संबंध, अंतर आणि व्यवसायाची ओळख या तीन गोष्टींवर ठरतो.

आता दंडाचा आणि नव्या डोमेनचा दावा. हळद विकणाऱ्या एका गटाच्या ताईंनी मला फोन करून विचारले होते, “भाऊ, आमची साइट गूगलवर काऊन दिसत नाही जी? दंड बसला म्हणतात.” त्यांचे संकेतस्थळ आठ महिन्यांपूर्वी बाहेरच्या एका व्यावसायिकाकडून करून घेतलेले होते आणि नव्या डोमेनसाठी त्यांच्याकडे पुन्हा पैसे मागितले गेले होते. मी प्रथम गूगलच्या शोधपेटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे कोलन आणि त्याला चिकटून त्यांचा पत्ता लिहून पाहिला. एकही पान आले नाही. मग वर्डप्रेसच्या, म्हणजे ते संकेतस्थळ ज्या प्रणालीवर उभे होते तिच्या, सेटिंगमध्ये ‘रीडिंग’ हा विभाग उघडला. तेथे सर्वांत खाली, शोधयंत्रांनी या संकेतस्थळाची नोंद घेऊ नये असे सुचवणारा एक चौकोन असतो, आणि त्यात टिकची खूण होती. संकेतस्थळ तयार होत असताना अर्धवट पाने बाहेर दिसू नयेत म्हणून ती खूण करतात, आणि काम पूर्ण झाल्यावर काढायची राहून जाते. आठ महिने त्या संकेतस्थळाचे प्रत्येक पान शोधयंत्राला ‘माझी नोंद घेऊ नकोस’ असे सांगत होते आणि शोधयंत्र ते इमानाने पाळत होते. मी ती खूण काढली, गटाच्या ईमेलवर सर्च कन्सोलचे (आपले संकेतस्थळ गूगलला कसे दिसते हे दाखवणाऱ्या त्याच्याच साधनाचे) मोफत खाते उघडले, साइटमॅप, म्हणजे सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, दिला आणि मुख्य पानाची तपासणी मागवली. दोन आठवड्यांत पाने यादीत येऊ लागली.

खरोखरच गूगलच्या माणसाने कारवाई केली असेल, तर ती सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ या सदराखाली कारणासह लिहिलेली असते. तेथे काही नसेल तर तसा दंड नाही, आणि अडचण दुसरीकडे शोधली पाहिजे. तीच ‘साइट’ची शोधपद्धत आणखीही काही सांगते. आपल्या पत्त्याखाली जुगाराची किंवा जपानी लिपीतील पाने दिसू लागली तर संकेतस्थळात कोणीतरी घुसले आहे. अद्ययावत न केलेले वर्डप्रेस आणि प्लगिन (त्याला जोडलेली पूरक साधने) हे त्याचे नेहमीचे कारण असते. पाने यादीत आहेत पण फार मागे आहेत, तर प्रश्न मजकुराचा आहे. सर्च कन्सोल ‘पान सापडले पण अद्याप नोंदवले नाही’ असे म्हणत असेल, तर रोज पुन्हा पुन्हा विनंती पाठवून ते लवकर होत नाही, हेही गूगलनेच सांगितलेले आहे. त्याऐवजी मुख्य पानावरून त्या पानाला दुवा आहे की नाही ते पाहावे. मोबाइलवर पान उघडत नसेल तर ते सर्वांत आधी दुरुस्त करावे, कारण जुलै २०२४ पासून गूगल सर्व संकेतस्थळे मोबाइलवरील रूपातच तपासते, आणि फोनच्या कॅमेऱ्यातून थेट चढवलेली पाच-पाच एमबीची छायाचित्रे वावरात एकदोन रेघांच्या नेटवर्कवर कोणाच्याच फोनवर उघडत नाहीत.

या सर्वांवर नवे डोमेन हा उपाय नाही, उलट त्याने नवे नुकसान होते. जुना पत्ता पाकिटांवर छापलेला असतो, प्रदर्शनात वाटलेल्या कार्डांवर असतो, बातम्यांत असतो. पत्ता बदलणे अपरिहार्यच असेल तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचे पुनर्निर्देशन, म्हणजे ३०१, बसवावे आणि ते किमान एक वर्ष चालू ठेवावे. त्यासाठी जुन्या डोमेनचे नूतनीकरणही करत राहावे लागते, हे पैसे मागणारा सहसा सांगत नाही.

शेवटी पंधरा दिवसांच्या हमीविषयी. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने या कामासाठी माणूस नेमणाऱ्यांना दिलेल्या सल्ल्यातच लिहिले आहे, आणि केलेल्या बदलांचा लाभ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते असेही त्यात म्हटले आहे. हमी देणाऱ्याला ‘कोणत्या शब्दांसाठी पहिला क्रमांक’ हे लेखी विचारावे. गटाचे पूर्ण नाव टाकल्यावर गटाचेच संकेतस्थळ पहिले येणे ही कमाई नाही, कारण नाव ठाऊक असलेला माणूस आपल्याला आधीपासून ओळखतो. काम द्यायचेच असेल तर पैसे भरण्यापूर्वी डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) आणि सर्च कन्सोल या तिन्ही खात्यांची मालकी गटाच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल क्रमांकावर करून घ्यावी. वर सांगितलेल्या गटाचे डोमेन अजूनही त्या व्यावसायिकाच्याच नावावर आहे. त्याची मुदत येत्या मार्चमध्ये संपते, आणि ते आपल्या नावावर करून घेण्यासाठी ताईंनी त्याला दोन पत्रे पाठवली आहेत.